शेवटच्या थांब्यावरची पंधरा मिनिटं

"हलू नका," न्हावी म्हणाला आणि त्याने नव्या गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवला.

गिऱ्हाईक बसचा ड्रायव्हर होता. दुकानात आज पहिल्यांदाच आलेला, पण बसल्यापासून तोंडाला खळ नव्हता. न्हाव्याला त्याचं नवल नव्हतं. या खुर्चीत बसलं की लोक आरशाकडे बघत पोटातलं ओठांवर आणत. सुनेचं, मूळव्याधीचं, कधीतरी मोडलेल्या लग्नाचं. ज्याच्या घरी आपल्याला राहायचं नाही, त्याच्यापाशी माणूस मोकळा होतो.

तीस वर्षं ऐकून त्याचे कान किटले होते. दुकान बंद केलं की तो कापसाचे दोन बोळे कानात घाले आणि घरी जाई. झोपेपर्यंत काढत नसे. सुरुवातीला बायको हसायची. "बहिऱ्याशी संसार मांडलाय मी," असं लिहून तिने एकदा कागद त्याच्या ताटाशी ठेवला होता. नंतर तिने कागदही ठेवले नाहीत.

"घरी सगळे बरे ना, काका?" ड्रायव्हरने विचारलं.

"कुठले बरे! बायको गेली तीन महिन्यांपूर्वी. वर्षभर दुखणं अंगावर काढलं. मला एका शब्दाने बोलली नाही."

हे तो येईल त्याला सांगायचा. तिच्यावरचा राग काही उतरत नव्हता. त्या रागाच्या आधारानेच तो रोज दुकान उघडत होता.

"सगळ्या तशा नसतात हो," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या गाडीत एक बाई यायची, दर मंगळवारी. जायचं कुठेच नसायचं. शेवटच्या थांब्यावर गाडी पंधरा मिनिटं उभी असते, तेवढं माझ्याशी बोलायची आणि त्याच गाडीने परत. हसायची किती, नकला काय करायची! मांडीवर पिशवी, या तुमच्या कापडासारखीच. हिरव्या पट्ट्यांची."

वस्तरा थांबला. ड्रायव्हरच्या गळ्याभोवती होतं, तसलंच एक जुनं कापड न्हाव्याने बायकोला पिशवी शिवायला दिलं होतं.

तिला नकला करता येतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"काय... काय बोलायची?"

"सगळंच. एकदा म्हणाली, काखेत गाठ आलीय, भीती वाटते. मी म्हटलं, ताई, मी कोण तुमचा? नवऱ्याला सांगा ना."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. "मग?"

"म्हणाली, 'सांगितलं की, दादा. तीनदा. त्यांनी मान हलवली आणि ताट पुढे केलं.' मी चिडलोच, म्हटलं, असला कसला माणूस? तर मलाच समजावते, 'त्यांना बोल लावू नका हो. दिवसभर लोकांचं ऐकून दमतात. कानात कापूस असतो बिचाऱ्यांच्या.'"