दगडू आवडला पाहिजे

"मला चपला पडतील, उत्तमभाऊ." रघूनं तालमीतच संवादांचे कागद खाली ठेवले. "लालबागच्या स्टेजवर संपफोड्या? तोही हिरो? मी नाय करणार."

उत्तम बसल्या जागी चुळबुळला. नाटक त्यानंच लिहिलं होतं. संप चालू असताना चोरून गिरणीत कामाला जाणारा दगडू हा त्याचा नायक. संपाला वर्षं उलटली, गिरणी काही धड सुरू झाली नाही, पण संपफोड्याचं नाव निघालं की चाळ अजून थुंकत होती. उत्तमचा थोरला भाऊ महादेव त्याच शिक्क्यापायी चाळीतून गेला होता. या भावांच्या खोलीतला माणूस मागच्या गेटानं आत शिरताना कुणीतरी पाहिला. बोंब झाली. युनियनचे राजारामभाऊ पोरं घेऊन दारात उभे राहिले. महादेव पुढं झाला, मान खाली घातली आणि वळकटी उचलून चालता झाला. आता तो कॉटन ग्रीनला कुठल्याशा गोदामावर राखणीला होता.

लोकांना दगडू आवडला, तर ते दादालाही परत बोलावतील. उत्तमला एवढंच हवं होतं. मग तरी डोळ्याला डोळा लागेल.

"त्याला आजारी आई देऊ," तो म्हणाला. "औषधापायी कामावर जातो."

नाटक बसवायला गिरगावातून कमलाकांत येत. बँकेत नोकरी, स्वभाव शांत. त्यांनी मान हलवली. "आजारी आईनं कीव येते हो, माणूस आवडत नाही. त्याला चुकू द्या, सबबी नका देऊ. फक्त तो आपल्यातला वाटला पाहिजे."

उत्तम उठून खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला. दगडूला बायको आणि मुलगी त्यानं आधीच दिली होती. महादेव तर सडाफटिंग. पण नाटकातल्या माणसाला संसार लागतो, असं त्यानं रघूला पटवलं होतं.

"पगार होतो," तो एकदम म्हणाला. "दगडू बांगडे आणतो. घरात किती दिवसांत मासळी नाही. पण तळले की वास सुटणार, चाळ विचारणार, पैसे कुठनं आले? म्हणून दार-खिडकी लावून घेतात. धुरानं डोळे चुरचुरतायत. पोरगी मोठ्यांदा विचारते, बाबा, दार का लावलं? हा तिच्या तोंडावर हात दाबतो. जोरात. आणि मग त्याच हातानं काटे काढून तिला भरवतो."

रघूनं कागद उचलले.

"हे कुठून सुचलं तुम्हाला?" कमलाकांतांनी विचारलं.

"घरातलंच आहे."

उत्तमची बायको तुळसा चहा घेऊन दाराशी उभी होती. किटली तिथंच ठेवून ती निघून गेली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, कशाला उकरून काढताय?"

"दादासाठी."

"भाऊजींसाठी?" ती त्याच्याकडं बघत राहिली. मग भाताकडं वळली.

गणपतीत प्रयोग लागला. उत्तम विंगेत एका जागी उभा राहीना. दगडू गेटातून आत शिरला तेव्हा मांडवातून शिव्या आल्या. कुणीतरी ओरडलं, "हाणा त्याला!" पहिल्या रांगेत राजारामभाऊ हाताची घडी घालून बसले होते.

बांगड्यांच्या वासावर लोक हसले. खूप हसले. दगडूनं पोरीच्या तोंडावर हात दाबला, आणि हसू मध्येच तुटलं. एका बाईनं पदर डोळ्याला लावला. शेवटी चाळीनं हाकललेला दगडू बंद दारांकडं बघत उभा राहिला, आणि पडदा पडला.

टाळी वाजेना. तेवढ्यात राजारामभाऊ उठले, जड पावलांनी स्टेजवर चढले आणि माईक धरला.

"भुकेनं आपलीच डोकी फिरली होती," ते म्हणाले. "आपल्यातलाच होता तो. महादेवला घरी आणा कुणीतरी. आजच आणा."

"आलाय तो!" मागून आवाज आला.

तुळसानं त्याला निरोप धाडला होता. कनातीशी उभा असलेला महादेव पुढं आला. लोकांनी वाट दिली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी हात धरला. राजारामभाऊंनी त्याला मिठी मारली आणि टाळ्यांनी मांडव दणाणला. रघूनं मेकअपसकट त्याच्या पाया पडून घेतलं.

उत्तम विंगेतच खिळला होता. जमलं होतं. त्याला हवं होतं तसंच सगळं झालं होतं. महादेव त्याच्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि त्या गलक्यात फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, "दगडूला सगळं दिलंस रे, उत्तम. त्याचा आळ आपल्या डोक्यावर घेणारा भाऊ तेवढा द्यायचा राहिला."