उशिरा दाखल

"तुझ्या पुस्तकात मी नाही म्हणजे काय गं, वर्ना? नीट बघ." ओमामावशीने काउंटरच्या काचेवर बोट आपटलं.

कारकून वर्नाने लग्नांच्या नोंदींच्या पुस्तकातलं तेच पान तिसऱ्यांदा उघडलं. एकोणपन्नास वर्षांपूर्वीचा जून महिना. ओमा आणि डेल्मार टॅकेट यांना लग्नाचा परवाना दिल्याची नोंद होती, लग्न लागल्याची नव्हती. परवान्याचा खालचा अर्धा भाग लग्न लावणाऱ्या पाद्र्याने सही करून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत परत आणायचा, तेव्हा कुठे लग्न पुस्तकात चढतं. तो भाग आलाच नव्हता. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. इथे अर्धं शतक होत आलं होतं.

"होबार्ट पाद्री पहिल्यापासून विसरभोळाच," मावशी म्हणाली. "आमच्या लग्नात स्वतःचा चष्मा केकशेजारी ठेवून गेला. कागदाचं काय घेऊन बसलीस!"

"साक्षीदार कोण होते, मावशी?"

"डेल्मारचा भाऊ आणि माझी बहीण रूबी. दोघंही टेकडीवरच्या दफनभूमीत पडलेत. जा, विचार त्यांना."

बोलता बोलता तिने पर्समधून दफनभूमीवाल्यांचं पत्र काढून काचेखालून सरकवलं. डेल्मारला डिसेंबरात सैनिकांच्या दफनभूमीत पुरलं होतं. सैनिकाच्या बायकोला त्याच्याच कबरीत जागा मिळते. मात्र लग्नाचा दाखला आधी हवा. तो नसेल तर मावशीला एकटीलाच दुसरीकडे कुठेतरी पुरणार होते.

"चार पोरं झाली तेव्हा कुणी कागद मागितला नाही," ती म्हणाली. "आता मरायच्या वेळी मागतात."

वर्नाला फार वाईट वाटलं. पण नियम तो नियम. हरवलेला कागद पाद्र्याने नाहीतर साक्षीदाराने स्वतः येऊन दाखल करायचा. हे म्हातारीला कसं सांगावं, याची ती जुळवाजुळव करत होती, तेवढ्यात मावशीच्या मागे कुणीतरी खोकलं.

होबार्ट पाद्री उभा होता. अंगात काळा कोट, हॅट छातीशी धरलेली, केस नीट विंचरलेले.

जन्म, लग्न आणि मरण, तिन्ही पुस्तकं तिच्याच ताब्यात होती. होबार्ट पाद्र्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर चार वर्षांपूर्वी तिनेच शिक्का मारला होता.

"जरा उशीर झाला," पाद्री म्हणाला.

कचेरीतला हीटर सकाळपासून बंद होता. मावशी बोलली की काचेवर वाफ धरायची. पाद्री काचेला नाक लावून बोलला, तरी काच कोरडीच राहिली.

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "हा कोट लग्नांना घालायचो. यातच पुरलं मला. खिसा काही कुणी तपासला नाही."

कागद ओलसर होता. त्याला खणलेल्या मातीचा वास येत होता. तो घेताना वर्नाच्या बोटांना पाद्र्याची बोटं लागली आणि तिचा हात कोपरापर्यंत गारठला. किंचाळावं असं तिला वाटलं. पण बावीस वर्षांची सवय. तोंडून भलतंच निघालं.

"उजवा हात वर करा. यात लिहिलंय ते खरं आहे, अशी शपथ घेता?"

"घेतो," पाद्र्याने हात वर केला. "आता खोटं बोलून मला काय मिळायचंय, पोरी?"

त्याने सही केली. वर्नाने नियमांची वही काढून उशिरा दाखल करण्याचं कलम वाचलं. पाद्र्याचं नाव हवं, सही हवी, तारीख हवी. पाद्री जिवंत हवा, असं कुठेच लिहिलं नव्हतं. तिने नोंद पुस्तकात चढवली. ओळ वाकडी आली.

मावशीने इतका वेळ मान वळवली नव्हती. होबार्टच्या दफनाला तिनेच प्रार्थनागीत म्हटलं होतं. शेजारी कोण आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती काचेकडेच बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बुवा, तो बरा आहे ना?"

"बरा कुठला! आल्यापासून माझा पिच्छा पुरवलाय. रोज एकच, माझा कागद कुठे आहे. स्वर्गाच्या फाटकाबाहेर बसवून ठेवलंय त्याला. बायको यायची आहे, तिची जागा शेजारी धरून ठेवा म्हणाला, तर म्हणतात, दाखला आण."

"तिथेसुद्धा?"

"तिथेसुद्धा, बाई."

मावशीने हातरुमालाने डोळे पुसले, नाक पुसलं. "डिसेंबरपासून बाहेर," ती म्हणाली. "आणि त्याला थंडी कधी सोसायची नाही." मग तिने खांदे सरळ केले.

"वर्ना, दोन प्रती दे. एक दफनभूमीवाल्यांना धाडते. दुसरी बुवा घेऊन जातील."

वर्नाने दोन प्रती काढल्या आणि दोन्हींवर काउंटीचा, कागदावर ठसा उठवणारा शिक्का दाबला. दुसऱ्या प्रतीवर तिने उभं राहून, सगळा भार टाकून दाबला. तिकडचा कारकून कसा आहे, कुणी सांगावं.