एका परवान्यावर दोन बाटल्या

सोमवारी सकाळी नऊ वाजता रोसारिओ शहरातल्या प्रयोगशाळेत फोन आला: दोन्ही बाटल्या कस्टमने चौथ्यांदा अडवल्या. संशोधक ग्रासिएलाने हातातला 'माते' या कडवट चहाचा पेला टेबलावर आपटला. बाटल्यांत होती डाव्या-उजव्या हातांसारखी, एकाच सूत्राची पण आरशातल्या प्रतिमेसारखी उलट रचनेची दोन रसायनं. एकाला पुदिन्याचा वास, दुसऱ्याला शहाजिऱ्याचा. त्यातलं फक्त पुदिन्याचं तेवढं बनवणारं एन्झाइम घडवायला तिला सहा वर्षं लागली होती. शुक्रवारी परीक्षकांना ते सिद्ध करून दाखवायचं, तर तुलनेला दोन्ही शुद्ध नमुने हवेतच. नाहीतर प्रयोगशाळेला टाळं.

"परवाना एकाच बाटलीचा आहे, डॉक्टरबाई," कस्टम दलाल स्कार्पाटो फोनवर म्हणाला. "साहेब विचारतात, सूत्र एकच, तर तोच माल दोनदा कशाला?"

"तोच नाही हो! जरा वास घेऊन बघा!"

"मला सर्दी झालीये. पण तुम्ही घोर सोडा, काम माझ्याकडे लागलं."

गुरुवारी दुपारी त्याचा आवाजी निरोप आला.

"सुटली एकदाची, डॉक्टरबाई! सूत्र एकच ना, मग दोन्ही बाटल्यांतलं एकाच मोठ्या बाटलीत ओतून घेतलं. थेंबसुद्धा सांडला नाही."