शुभेच्छुक

दत्ता आणि जॉय या जोडीनं घोड नदीच्या वाळूचोरीवर रॅप केलं, त्यात वाळूच्या धंद्यातले पुढारी आप्पा यांचं सरळ नाव घेतलं, आणि गाणं शिरूर तालुकाभर वाजलं. तेव्हापासून दोघांना धमकीचे फोन येत होते. मागून गाडीचा आवाज आला तरी दत्ता रस्ता सोडून उभा राहायचा.

आज सकाळी जॉयनं त्याला एसटी स्टँडवर बोलावलं. समोर आप्पांच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स लागला होता. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, सोसायटीच्या चेअरमनशेजारी, या दोघांचा फोटो होता. मोबाइलवर गाण्याखाली लोकांच्या शिव्या सुरू झाल्या होत्या: विकले गेले साले.

"फोटो तुझ्या घरातला हाय," जॉय म्हणाला. तो दत्ताकडं बघतही नव्हता. "मागं तुमचं कपाट दिसतंय."

"आईशप्पथ, मी न्हाई दिला."

"मग कपाट चालत गेलं का आप्पांकडं?"

दत्ता तसाच घरी आला. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. त्याचं तोंड बघूनच तिनं हात थांबवला.

"मी आन् जॉयची आई, दोघी जाऊन फोटो देऊन आलो," ती म्हणाली. "शिव्या खा रं बाबा, काय व्हायचं न्हाई. पर फ्लेक्सवरल्या पोरावर हात टाकलेला मी अजून बघितला न्हाई."