जावयाचा उजवा पाय

ग्यानोबांनी जावयाचा उजवा पाय परातीत घेतला, तेव्हा फुटबॉलची मॅच एक-एक अशी बरोबरीत अडकली होती.

धोंड्याचा महिना संपायला एकच दिवस उरला होता. तीन वर्षांनी एकदा येणारा हा महिना. त्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, पाटावर बसवून पाय धुवायचे, वाण द्यायचं आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून जावई हात जोडेपर्यंत वाढायचे. कंधारजवळच्या या घरात सासू कस्तुराबाई पहाटेपासून पुरणात गुंतल्या होत्या. आता सगळं तयार होतं. एका पाटावर लेक मंजुषा, दुसऱ्यावर तिचा नवरा दयानंद, नांदेडच्या एका शाळेतले खेळाचे मास्तर. अंगात नवा सदरा, कपाळावर कुंकू आणि नजर समोर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर.

मोबाइल तिथे ठेवायची परवानगी खुद्द कस्तुराबाईंची. सकाळी चहा देताना त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं होतं, "आज काय पायजे ते मागा." दरवेळी "काही नको, मामी" म्हणणारे दयानंद या खेपेला चाचरत म्हणाले, "मामी, वर्ल्ड कपची मॅच लावली तर चालंल का?" कस्तुराबाईंना इतका आनंद झाला की विचारू नका. अकरा वर्षांत जावयानं पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं होतं.

मंजुषाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. तिचे आबा आणि तिचा नवरा, दोघंही मनानं सोन्यासारखे. पण समोरासमोर आले की तहसील कचेरीत भेटल्यासारखे बोलायचे. "कधी निघालात, जावईबापू?" "आठच्या गाडीनं, मामा." "पाऊस काय म्हनतो तिकडं?" "न्हाई अजून." झालं, विषय संपला. मग दोघंही छपराच्या पत्र्याकडे बघत बसायचे. भांडण नाही, राग नाही, नुसता मान. त्या मानाला ती कंटाळली होती. शेजारच्या वीरण्णाच्या जावयाशीसुद्धा आबा 'काय रे' करून बोलायचे, आणि स्वतःच्या जावयाला अहो-जाहो. या दोघांनी एकदा तरी घरच्या माणसांसारखं बोलावं, एवढंच तिला हवं होतं. आणि आज नेमका मध्ये हा मोबाइल. तो पाहून आबांच्या कपाळाला आठी पडली होती. पण जावयाला बोलणार कसं?

ग्यानोबांनी तांब्यातून पाण्याची धार सोडली. हळद-कुंकवाचं पाणी. ते खाली मान घालून जावयाची टाच चोळत होते, तेवढ्यात मोबाइलवर लाल जर्सीवाल्यांना पेनल्टी मिळाली.

दयानंद पाटावर ताठ झाले. मंजुषाच्या ते लगेच लक्षात आलं. वीस वर्षं पोरांना पेनल्टी मारायला शिकवणारा माणूस अशा वेळी कसा असतो, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिनं त्यांना कोपरानं ढोसलं. "अहो," ती हळूच म्हणाली, "पाय."

तिकडे खेळाडू धावत आला आणि त्यानं लाथ मारली. इकडे दयानंदांनीही मारली.

परात उडाली. पाणी ग्यानोबांच्या टोपीपासून धोतरापर्यंत गेलं. परात घरंगळत उंबऱ्याला आपटली आणि बराच वेळ वाजत राहिली.

कस्तुराबाई तुपाची वाटी हातात धरून तशाच उभ्या. सासऱ्याला लाथ, आणि तीही धोंड्याच्या पाटावर बसून, असं आसपासच्या गावांत कोणी ऐकलं नव्हतं.

"मामा," दयानंद म्हणाले. मंजुषाला वाटलं, संपलं सगळं. आता आबा उठून शेताकडे निघून जाणार, आणि इथून पुढे पावसाचंही बोलणं बंद.

ग्यानोबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. टोपी काढून पिळली, पुन्हा डोक्यावर ठेवली. मग मान वळवून मोबाइलकडे पाहिलं. तिथे लाल जर्सीवाले एकमेकांच्या अंगावर लोळत होते.

"गेला का आत?"

"हाव, मामा. गेला."

"मंग वाया न्हाई गेलं पानी." त्यांनी हात लांब करून परात ओढून घेतली. "आन तो दुसरा पाय. आन् दया, लाथ मारायची आसली तर आंधी सांगत जाय."

कस्तुराबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मंजुषाला हसता येईना. आबा 'दया' म्हणाले होते. 'जाय' म्हणाले होते. तिला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

दयानंदांनी डावा पाय जपून पुढे केला. ग्यानोबा तो धुवायला लागले, पण अर्धं लक्ष मोबाइलवर.

"ह्यातले आपले कोनते रे?"

"लाल, मामा."

"आजून किती टाइम हाय?"

"बारा मिनिटं."

ग्यानोबांनी तांब्या हलवून पाहिला. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं.

"आगं," ते बायकोला म्हणाले, "घागरच आनून ठेव हितं. आपले लई पळून राहिले, आजून एक जाईल आत."