पाचवी घडी

"हा बघ, झाला." सासूबाईंनी हातातला तारा टेबलावर उभा केला. तो लगेच एका अंगावर कलंडला.

"छान झालाय," सून म्हणाली.

"छान काय छान! झिंगल्यासारखा पडलाय. कितवा गं हा?"

"एकोणचाळिसावा."

"म्हणजे अजून एक्क्याऐंशी. चहा घे आधी, निवेल." त्यांनी कप तिच्यापुढे सरकवला. नेहमीसारखा काठोकाठ.

मुलांच्या रुग्णालयातल्या वॉर्डात दर सणाला त्यांच्या घरून एकशेवीस तारे जायचे. घोटीव कागदाचा चौकोन, आठ घड्या, आठ टोकं आणि मधोमध खळीचा एक ठिपका. कितीतरी वर्षं सासूबाई घड्या घालायच्या आणि त्यांचा मुलगा दोरे ओवायचा. यंदा तो नव्हता. त्याला जाऊन आठ महिने झाले होते.

त्यातले पहिले पाच महिने सून भिंतीकडे तोंड करून पडून होती. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतली तिची रजा दोनदा वाढवून झाली. मग एका सकाळी स्वयंपाकघरात काहीतरी फुटल्याचा आवाज आला. ती धावत गेली तर सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या आणि पायांशी कपाचे तुकडे पडले होते.

"हात थरथरतात गं हल्ली," त्या म्हणाल्या.

"डॉक्टरकडे जाऊ या, आई."

"डॉक्टर काय नवे हात बसवणार आहे? राहू दे."

घरात दोघींनीही पडून राहून चालणार नव्हतं. त्या दिवसापासून सून उठू लागली.

ताऱ्यांचं काम निघालं तेव्हा तिला खरी काळजी वाटली. वॉर्डातली मुलं दिवसभर पाठीवर पडून छताकडे बघत असतात. दोऱ्याला टांगलेला तारा फिरला पाहिजे, आणि तो फिरण्यासाठी त्याची आठही टोकं सारखी लागतात. वाकडा तारा नुसता मान टाकून लोंबतो. वॉर्डाच्या सिस्टर कडक होत्या. त्यांनी तारे परत पाठवले असते, तर आईंना सगळं कळलं असतं. मुलगा गेल्यावर त्यांच्याकडे हातच तेवढे उरले होते. तेही गेले, हे त्यांना कुणी सांगायचं?

म्हणून तारे दुपारी दुरुस्त व्हायचे. सासूबाई जेवून आडव्या झाल्या की सून सकाळचे तारे आतल्या खोलीत न्यायची, एकेक उलगडायची, चमच्याच्या पाठीने घडी सपाट करायची आणि नव्याने घालायची. घोटीव कागद एकदा चुकीचा दुमडला की पांढरी रेघ धरून बसतो. तसं झालं तर ती कागदच बदलायची. "खळ मात्र शेवटी एकदमच लावू," असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते तिच्या पथ्यावरच पडलं.

पहिल्या दुपारी तिला चारच तारे जमले. मग सात, मग अकरा. पुढे पुढे वीस होऊ लागले, आणि उठताना तिला चक्क भूक लागलेली असायची.

एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नव्हती. चूक नेहमी पाचव्या घडीत असायची. पहिल्या चार घड्या नेटक्या, पाचवी गव्हाच्या दाण्याएवढी सरकलेली, आणि तिच्यामुळे पुढचं सगळं बिघडलेलं. थरथरत्या हाताची चूक कुठल्याही घडीत व्हायला हवी, इतकं तिला कळत होतं. पाचव्या घडीपर्यंत आईंचा हात दमत असेल, असं तिने ठरवलं आणि विषय मिटवला.

सणाच्या चार दिवस आधी सिस्टर स्वतःच खोकं न्यायला आल्या. त्यांनी वरचाच एक तारा उचलला, दोऱ्याला धरला आणि खिडकीशी नेला. सुनेने श्वास रोखला. वाऱ्याची झुळूक आली आणि तारा संथपणे, एका लयीत फिरू लागला.

"आजी, हात आहेत की मशीन?" सिस्टर म्हणाल्या. "आणि ह्यांनी काय केलं?"

"हिने? ही मला कागद कापून देते. तेवढा आधार आहे हो म्हातारीला."

सुनेला हसू आवरेना. तोंडावर पदर धरून ती आत पळाली. आठ महिन्यांत तिचं हसणं त्या घराने ऐकलं नव्हतं. सासूबाई बोलता बोलता थांबल्या आणि खोक्याचं झाकण उगाचच नीट करत राहिल्या.

सिस्टर गेल्यावर सून बाहेर आली.

"आई, सोमवारपासून कामावर जाऊ का? पण तुमचे हात असे. एकटीने जमेल तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? जा बाई. दिवसभर डोक्यावर बसलेली असतेस, मला मेलीला मोकळेपणी जांभईसुद्धा देता येत नाही."

सोमवारी सून डबा घेऊन निघाली. कोपऱ्यावर वळताना तिने मागे पाहिलं. सासूबाई खिडकीत उभ्या होत्या आणि निरोपाला उचललेला त्यांचा हात थरथरत होता.

ती दिसेनाशी झाल्यावर त्या टेबलाशी येऊन बसल्या. एक कागद उरला होता. तो त्यांनी पुढे ओढला. चष्मा न लावता, भिंतीवरच्या मुलाच्या फोटोकडे बघत, त्यांनी एकामागून एक आठ घड्या घातल्या आणि तारा टेबलावर उभा केला. तो जराही हलला नाही.