सामानाजवळ

भावजयीने घरात पाऊल टाकताच आपली पर्स ताईच्या मांडीवर ठेवली. भावाने हेल्मेट ठेवलं, त्याच्यावर खरेदीची पिशवी टेकवली आणि "हे सांभाळ गं ताई, आलोच," म्हणत दोघंही हातपाय धुवायला आत गेली. ताई चाकांच्या खुर्चीत बसलेली असायची. तिची मांडी कायम मोकळीच असते, असा घरातल्या सगळ्यांचा समज होता.

बाहेर आल्यावर भावाने टेबलावर लॅपटॉप उघडला. घराण्यात आजवर कुणी देशाबाहेर गेलेलं नव्हतं. आता आई धरून चौघं जाणार होती. विमानाची तिकिटं झाली होती. त्या परक्या शहरात हॉटेल कुठल्या भागात घ्यायचं, तेवढं आज ठरायचं होतं.

"ताई, खास तुझ्यासाठी शोधून काढलंय," तो म्हणाला. "टेकडीवरचा भाग आहे. जुनी घरं, दगडी गल्ल्या. आणि ही खोली बघ. भिंतभर खिडकी. नदी, पूल, अख्खं शहर पलंगावरून दिसतं."

ताईने फोटो नीट पाहिला. खिडकी सुरेखच होती. पुढचा फोटो गल्लीचा होता. गल्लीला पायऱ्या होत्या, आणि त्या संपल्या की वळणावर पुन्हा पायऱ्या.

"आणि मी खाली कशी उतरायची?"

"उतरायचं कशाला? आम्ही जरा फेरी मारून येऊ. तू वर निवांत बस. चहा मागव, शहर बघ."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. ती एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर कामाला होती. काचेपलीकडे येईल त्याला डावीकडे जा, उजवीकडे वळा सांगायची, आणि स्वतः जागची हलायची नाही.

"अरे, दिवसभर मी खिडकीतच असते. साठवलेली सगळी रजा घालवून तिथंही खिडकीतच बसू?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? तो खालचा भाग उघड. नदीकाठचा, बस आगाराजवळचा. मी तुला परवाच सांगितला होता."

भावजयीला हसू आवरलं नाही. "ताई, तिथं नुसती ऑफिसं आहेत हो. बघण्यासारखं आहे काय?"

"फूटपाथ आहे. चांगला रुंद, आणि रस्त्यावर उतरताना उतार केलेला. बसला खुर्ची चढवायची सोय आहे."

"अहो, पण फूटपाथ बघायला कुणी परदेशात जातं का?"

"मी जाते."

आई इतका वेळ कपड्यांच्या घड्या घालत होती. आता मध्ये पडून तिने सगळं गोड करायला घेतलं.

"अगं, तो तुझ्या भल्याचंच सांगतोय. उगाच कशाला धक्के खायचे? आणि खरं सांगू, तू सामानाजवळ असलीस ना, की आम्ही कसे निर्धास्त फिरतो."

आई हे अगदी मायेने बोलली, म्हणून जास्त झोंबलं. धबधब्याला गेले तेव्हा ताई गाडीत होती, पिशव्यांजवळ. किल्ल्यावर गेले तेव्हा पायथ्याशी होती, डब्यांजवळ. समुद्रावर चपलांजवळ. परत आले की सगळे तिला भरभरून सांगायचे, वर काय होतं, पाणी किती गार होतं. तीही ऐकून घ्यायची, कारण सगळ्यांचा तिच्यावर जीव होता, आणि जीव लावणाऱ्या माणसांवर ओरडायचं तरी कसं? आज तिला ते जमणार होतं.

"उघड तो भाग," ती म्हणाली. आवाज असा लागला होता की भावाने मुकाट्याने उघडला.

मग मात्र तो मुद्दाम ठसक्यात वाचू लागला. "घे. खोली लहान. खिडकी मागच्या भिंतीकडे. नाश्ता बेताचा. लिफ्ट आहे. सामान ठेवायला कुलपाची वेगळी खोली, फुकट."

"शेवटचं परत वाच."

"काय?"

"परत वाच म्हटलं."

"सामान ठेवायला वेगळी खोली." या वेळी त्याचा आवाज जरा खाली आला.

"कुलपाची," ताई म्हणाली. "मग झालं तर. इतकी वर्षं मी केलं ते काम ती खोली करेल. मी तुमच्याबरोबर फिरेन."

आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. भावजय उगाच ओढणी सारखी करू लागली.

"ताई, तू ना, फार मनाला लावून घेतेस," भाऊ म्हणाला. "आम्ही तुला कधी सामान म्हटलं का?"

"म्हटलं नाहीत."

"मग? उगाच राईचा पर्वत करायचा. हे बघ, आत्ता तू चिडली आहेस. उद्या शांतपणे ठरवू. टेकडीवरची ती खोली तोवर धरून ठेवतो मी, नाहीतर जायची हातची."

म्हणजे ठरलंच होतं. खास तिच्यासाठी.

ताईने मांडीवरची पिशवी उचलली आणि भावाच्या मांडीवर ठेवली. पिशवीवर हेल्मेट ठेवलं. हेल्मेटवर भावजयीची पर्स ठेवली. ढीग घसरू नये म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी कवटाळला. टेबलावर नदीकाठचा भाग उघडा होता, आणि तो बंद करायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

तिने खुर्ची वळवली आणि दार उघडलं.

"हे सांभाळ रे," ती म्हणाली. "आलेच."